डोंबिवलीचं नाव गणितात नेणारे देवळालीचे कापरेकर मास्तर

नऊ वेळा १ लिहा. १११११११११. आता या संख्येला तिनेच गुणा. उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१. एकापासून नऊपर्यंत चढणारे आणि पुन्हा एकापर्यंत उतरणारे १७ अंक. शेवटाकडून वाचली तरी संख्या तीच.

अशा संख्यांना गणितात डेम्लो संख्या म्हणतात. डेम्लो म्हणजे आपलं डोंबिवली. या संख्यांची कल्पना त्या रेल्वे स्टेशनवर सुचली, म्हणून दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी त्यांना स्टेशनचंच नाव देऊन टाकलं.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता, त्यामुळे घरात आकडेमोड कायमचीच. ठाण्यात शाळा झाली आणि पुण्यात फर्ग्युसन कॉलेज. तिथे १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. १९२९ मध्ये ते बी.एस्सी. झाले आणि औपचारिक शिक्षण तिथेच थांबलं.

१९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवत होते. उरलेला वेळ आकड्यांचा. जी संख्या आपल्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भागली जाते, तिला त्यांनी 'हर्षद' म्हणजे आनंद देणारी असं नाव दिलं. वरच्या १७ अंकांची बेरीज करून बघा, ८१ येते. आणि ८१ ने त्या संख्येला पूर्ण भाग जातो. म्हणजे ही संख्या डेम्लोही आणि हर्षदही!

१९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ ची गंमत मांडली. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक आधी उतरत्या, मग चढत्या क्रमाने लावा आणि मोठ्यातून लहान संख्या वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करा, शून्य आलं तर तेही मोजा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतेच.

पण मोठी पदवी नसलेल्या मास्तरांचं हे काम म्हणजे नुसता आकड्यांचा खेळ, असं म्हणून देशातल्या अनेक गणितज्ञांनी ते बाजूला सारलं. कापरेकर लिहीत राहिले, पुस्तिका स्वतःच छापत राहिले. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना म्हणून शिकवण्याही घेतल्या. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला त्यांचं नाव कळलं. मास्तर तेव्हा सत्तरीत होते. १९८६ साली ते गेले.

आज ६१७४ ला जगभर 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात. त्यांचं जन्मवर्ष १९०५ घेतलं तर उत्तरं अशी येतात: ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. मोजून सात. आता तुमचं जन्मवर्ष घेऊन बघा.