तापाचे दिवस मोजणारे हकीम

अबू बक्र मुहम्मद बिन झकरिया अल-राझी वैद्यकाकडे वळले ते तिशी उलटल्यावर. जन्म इ. स. 865 चा, आजच्या तेहरानजवळच्या रय शहरातला. आधी संगीत आणि किमयाशास्त्रात रमलेले राझी पुढे रय आणि बगदादच्या शफाखान्यांचे प्रमुख झाले.

रुग्णाचे नाव, तक्रारी, ताप कोणत्या दिवशी चढला, कधी उतरला, औषधाने काय झाले, हे सारे ते टिपून ठेवत. आज घाटीत डॉक्टर आधी जुना केसपेपर मागतात, तो कशासाठी, हे या टिपणांवरून कळते. एका दिवसाचा ताप फारसे काही सांगत नाही. दिवसांची ओळ लावली की आजार ओळखू येतो.

अब्दुल्लाह बिन सवादा यांचेच पाहा. त्यांना हुडहुडी भरून ताप येई. कधी रोज, कधी दिवसाआड, कधी दोन दिवस सोडून, तर कधी सहा दिवसांनी. लघवीलाही वारंवार जावे लागे. राझींनी दोन शक्यता धरल्या: हा ताप चौथ्या दिवसाच्या तापावर जाईल, किंवा मूत्रपिंडात गळू असेल. थोड्याच दिवसांत लघवीतून पू गेला. आता हा ताप परतणार नाही, असे त्यांनी रुग्णाला सांगितले आणि तसेच झाले. सुमारे दोन महिन्यांत रुग्ण बरा झाला.

टिपण इथे थांबत नाही. निदानाला उशीर का झाला, हेही राझी लिहितात. रुग्णाला पूर्वी असेच मिश्र ताप येऊन गेले होते, त्यामुळे विचार त्याच वाटेने गेला. उभे राहिल्यावर कमरेत जडपणा वाटतो हे रुग्णाने सांगितले नाही, आणि विचारायचे राझींकडूनही राहिले. एवढा नामवंत हकीम आपली चूक रुग्णाच्या नावासह लिहून ठेवतो, ही साधी गोष्ट नाही!

देवी आणि गोवर यांवरच्या त्यांच्या प्रसिद्ध ग्रंथातही हीच नजर आहे. पुरळ उठण्याआधीच दोन्ही आजारांतला फरक ते सांगतात: पाठदुखी देवीत जास्त, बेचैनी आणि मळमळ गोवरात जास्त.

अखेरच्या काळात त्यांची दृष्टी गेली. हिजरी 313 च्या शाबानमध्ये, म्हणजे इ. स. 925 मध्ये, रय इथेच त्यांचे निधन झाले. टिपणांचे कागद मागे पडून होते. वजीर इब्नुल अमीद यांनी ते राझींच्या बहिणीकडून पैसे देऊन मिळवले आणि शागिर्दांकडून लावून घेतले, असे सांगतात. तोच ‘अल-हावी’. 1279 मध्ये त्याचे लॅटिन भाषांतर पूर्ण झाले. मूळ अरबी ग्रंथ मात्र छापून निघाला तो हैदराबादेत. दायरतुल मआरिफ या संस्थेने 1955 पासून तो 23 भागांत काढला. पहिला भाग निघाला तेव्हा औरंगाबादही हैदराबाद राज्यातच होते.