हिरे गायब झाले, पण प्लॅटिनम उरलं! राजेरजवाड्यांना प्लॅटिनमची गोडी लावणाऱ्या लुई कार्टियरची गोष्ट

आजकाल साखरपुड्याला प्लॅटिनमच्या अंगठ्या घालायची क्रेझ आहे. पण एक काळ असा होता की या धातूला कोणी विचारत नव्हतं. दक्षिण अमेरिकेत सोनं शोधायला गेलेल्या स्पॅनिश लोकांनी तर त्याचं नावच 'प्लातिना' ठेवलेलं. म्हणजे किरकोळ चांदी.

मग ही किरकोळ चांदी राजांच्या गळ्यात कशी गेली? तर त्यात मोठा हात होता पॅरिसच्या लुई कार्टियरचा.

लुईचा जन्म १८७५ चा. आजोबांनी १८४७ मध्ये पॅरिसमध्ये दागिन्यांचा धंदा सुरू केला होता. १८९८ मध्ये लुई वडिलांच्या हाताखाली आला आणि पुढच्याच वर्षी दुकान र्यू द ला पे या उच्चभ्रू रस्त्यावर गेलं.

आता त्या काळची अडचण समजून घ्या. हिरा पिवळ्या सोन्यात बसवला की त्यात पिवळी झाक दिसायची. म्हणून कोंदण चांदीचं करायचे. पण चांदी मऊ, शिवाय काळी पडते. ती अंगाला आणि कपड्यांना लागू नये म्हणून मागून सोन्याचा थर द्यायचे. परिणामी दागिना जड व्हायचा आणि हिऱ्यापेक्षा धातूच जास्त दिसायचा.

प्लॅटिनम पांढरंशुभ्र, काळं न पडणारं आणि मजबूत. थोड्याशा धातूत हिरा घट्ट बसतो. मग आधीच का वापरलं नाही? कारण सोनं १०६४ अंशांना वितळतं, तर प्लॅटिनमला जवळपास १७६८ अंश सेल्सिअस लागतात. सोनाराच्या साध्या भट्टीचं हे कामच नाही.

प्लॅटिनम वापरणारा लुई पहिला नव्हता. त्याच्या घरच्याच दुकानात ते आधी थोडंफार वापरलं जायचं. पण लुईनं अख्खे दागिने प्लॅटिनमचे करायला घेतले. नक्षीसाठी त्यानं आपल्या चित्रकारांना वह्या देऊन पॅरिसच्या रस्त्यांवर पिटाळलं. जुन्या वाड्यांच्या गॅलऱ्यांचे लोखंडी कठडे, भिंतींवरची फुलं, माळा, रिबिनी कागदावर आल्या आणि तिथून मुकुटांवर. धातू इतका बारीक की हिरे लेसवर टाचल्यासारखे दिसायचे.

श्रीमंत मंडळी यावर फिदा झाली. १९०४ मध्ये इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड यानं कार्टियरला राजघराण्याचे अधिकृत जवाहिरे केलं. लुईनं पॅरिस सांभाळलं, भाऊ पिएरनं न्यूयॉर्क आणि धाकट्या जॅकनं लंडन. १९११ च्या दिल्ली दरबाराला जॅक भारतात आला आणि इथल्या संस्थानिकांशी ओळखी वाढल्या.

त्यातूनच पुढे सगळ्यात गाजलेलं काम आलं. पतियाळाचे महाराजा भूपिंदर सिंह यांनी आपला खजिना पॅरिसला पाठवला. १९२८ मध्ये हार तयार झाला. प्लॅटिनमच्या साखळ्या, त्यात २९३० हिरे आणि मधोमध २३४ कॅरेटचा डी बिअर्स हिरा!

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं प्लॅटिनम युद्धासाठी राखून ठेवलं आणि दागिन्यांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. त्याच काळात, १९४२ मध्ये, लुईचा न्यूयॉर्कमध्ये मृत्यू झाला.

पुढे १९४८ च्या सुमारास पतियाळाचा हारही नाहीसा झाला. तो सापडला थेट १९९८ मध्ये, लंडनच्या एका दुकानात. मोठे हिरे आणि माणकं कोणीतरी काढून घेतली होती. हातात आला तो प्लॅटिनमचा सांगाडा. कार्टियरनं त्यावरच नकली खडे बसवून हार पुन्हा उभा केला.

लुईनं प्लॅटिनम निवडलं होतं ते हिऱ्यांमागे दिसेनासं व्हावं म्हणून. शेवटी हिरेच दिसेनासे झाले आणि हार ओळखू आला तो त्या प्लॅटिनममुळे.