मिनेसोटा फॅट्स

रुडॉल्फ वॉल्टर वाँडरोन ऊर्फ मिनेसोटा फॅट्स (जन्म : न्यूयॉर्क, १९ जानेवारी १९१३; मृत्यू : नॅशव्हिल, जानेवारी १९९६) हे बिलियर्ड्‌सच्या कुळातील पूल या खेळाचे अमेरिकन खेळाडू होते. एकही मोठे अजिंक्यपद त्यांच्या नावावर नाही. तरीही पूल न खेळणाऱ्या अमेरिकन माणसालाही त्यांचे नाव ठाऊक असे. ते नाव त्यांनी एका काल्पनिक पात्राकडून उचलले होते.

पैजेचे डाव

वाँडरोन यांचे आईवडील स्वित्झर्लंडमधून न्यूयॉर्कला स्थायिक झाले होते. लहान वयातच वाँडरोन पूल खेळू लागले आणि पुढे पैजेचे डाव हीच त्यांची उपजीविका झाली. अशा डावांना पंच नसे, नोंदवही नसे. पैजेची रक्कम आणि दुबळ्या खेळाडूला द्यायची सवलत डावापूर्वी तोंडी ठरे. ही घासाघीस करण्यात वाँडरोन वाकबगार होते; डावाचा निम्मा निकाल बहुधा तेथेच लागे. त्यांच्या आवडीचा खेळ ‘वन पॉकेट’ होता. कॅरममध्ये सोंगटी चारांपैकी कोणत्याही भोकात घालता येते. येथे मात्र प्रत्येक खेळाडूला टेबलाच्या एका टोकाचे एकच कोपऱ्यातील पॉकेट मिळते आणि त्यात आठ चेंडू आधी घालणारा जिंकतो. त्यामुळे नेमबाजीइतकेच महत्त्व प्रतिस्पर्ध्याला अडवून धरण्याला असते.

१९४१ मध्ये इलिनॉय राज्यातील ड्यूक्वॉइन येथे त्यांची एव्हलिन यांच्याशी ओळख झाली व त्याच वर्षी दोघांचा विवाह झाला. जवळच्या डॉवेल या खेड्यात त्यांनी घर केले. भटक्या कुत्र्यामांजरांना तेथे आसरा मिळे. १९६१ पासून जवळच्या जॉन्स्टन सिटीत जॅन्स्को बंधूंनी भरवलेल्या स्पर्धांना देशभरचे पैजखोर खेळाडू येऊ लागले. त्यांत वाँडरोनही असत.

नावाचा वाद

वॉल्टर टेव्हिस यांच्या ‘द हसलर’ (१९५९) या कादंबरीत मिनेसोटा फॅट्स नावाचे पात्र आहे. १९६१ च्या चित्रपटात जॅकी ग्लीसन यांनी ते साकारले. तोवर ‘न्यूयॉर्क फॅट्स’ म्हणवणाऱ्या वाँडरोन यांनी हे पात्र आपल्यावरूनच बेतल्याचे जाहीर करून ते नाव स्वीकारले. टेव्हिस यांनी हा दावा कायम फेटाळला. पैजेवर जगणाऱ्याला अनोळखी राहणे हेच भांडवल असते, कारण ओळखीच्या तोंडाशी कोणी डाव मांडत नाही. वाँडरोन यांनी ते भांडवल मोडून कीर्ती घेतली. दूरचित्रवाणीवर त्यांचे कार्यक्रम झाले आणि १९६६ मध्ये टॉम फॉक्स यांच्या साहाय्याने लिहिलेले आत्मचरित्र निघाले.

अनेकदा जगज्जेते ठरलेल्या विली मॉस्कोनी यांना ही प्रसिद्धी खुपत असे. १४ फेब्रुवारी १९७८ रोजी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया हॉटेलात दोघांचा सामना झाला व तो दूरचित्रवाणीवरून दाखवला गेला. मॉस्कोनी सहज जिंकले. पण प्रेक्षक रमले ते वाँडरोन यांच्या अखंड बडबडीत. १९८४ मध्ये, अजिंक्यपदांसाठी नव्हे, तर खेळाच्या प्रसारातील कार्यासाठी अमेरिकन बिलियर्ड्‌स संघटनेच्या मानवंत दालनात त्यांचा समावेश झाला.

घटस्फोटानंतर ते टेनेसी राज्यातील नॅशव्हिलच्या हर्मिटेज हॉटेलात राहू लागले. तेथे त्यांच्यासाठी पूलचे टेबल मांडलेले असे. मृत्यूनंतर त्यांच्या वयाविषयीही एकवाक्यता नव्हती. काहींच्या मते ते नव्वदी ओलांडलेले होते.