विचारांचे गणित

इंग्लंडमधील लिंकन या गावी २ नोव्हेंबर १८१५ रोजी जॉर्ज बूल याचा जन्म झाला. त्याचे वडील जोडे शिवण्याचा धंदा करीत. परंतु त्यांचे चित्त चामड्यापेक्षा दुर्बिणी आणि गणित यांतच अधिक रमे. त्यामुळे घरात सुबत्ता नव्हती. मात्र विद्येची गोडी जॉर्जला वडिलांकडूनच लाभली.

एका पुस्तकविक्रेत्याच्या साहाय्याने तो लॅटिन शिकला. ग्रीक भाषा तर त्याने स्वतःच आत्मसात केली. चौदाव्या वर्षी त्याने केलेला एका ग्रीक कवितेचा अनुवाद गावच्या वृत्तपत्रात छापून आला, तेव्हा तो इतक्या लहान मुलाने केला असेल, हे एका शिक्षकाला खरेच वाटेना. पुढे वडिलांचा धंदा बुडाला आणि सोळाव्या वर्षीच कुटुंबाचा भार जॉर्जवर पडला. तो शाळेत शिकवू लागला. दिवसा मुलांना शिकवावे आणि उरलेल्या वेळात थोर गणितज्ञांचे ग्रंथ अभ्यासावेत, असा त्याचा क्रम असे. १८४४ साली रॉयल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिले. विद्यापीठाची पदवी नसतानाही १८४९ साली आयर्लंडमधील कॉर्क येथील महाविद्यालयात तो गणिताचा प्राध्यापक झाला.

माणसाच्या विचारांचेही गणित मांडता येईल काय, हा प्रश्न त्याच्या मनात घोळत होता. 'पाऊस पडत आहे आणि वारा सुटला आहे,' हे विधान घ्या. खऱ्यासाठी १ आणि खोट्यासाठी ० मांडा. दोन्ही गोष्टी खऱ्या असतील, तर १ गुणिले १ म्हणजे १. एक जरी खोटी असली, तरी गुणाकार ०. असे नियम त्याने १८५४ साली एका मोठ्या ग्रंथात सविस्तर मांडले.

नोव्हेंबर १८६४ मध्ये भर पावसात सुमारे तीन मैल चालत तो महाविद्यालयात गेला आणि ओल्या कपड्यांनिशीच त्याने व्याख्यान पुरे केले. तो आजारी पडला तो उठलाच नाही. ८ डिसेंबर रोजी, अवघ्या ४९ व्या वर्षी त्याचे निधन झाले.

आपल्या गणिताचा व्यवहारातील उपयोग पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. १९३७ साली क्लॉड शॅनन या अमेरिकन तरुणाने दाखवून दिले, की विजेची बटणे नेमके हेच गणित करू शकतात. त्यावरच संगणक उभे राहिले. १९९३ साली अमेरिकेतील क्रेग लेंट व त्यांचे सहकारी यांनी वीजप्रवाहावाचून चालणारी एक योजना मांडली. अतिसूक्ष्म चौकटीत दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर लोटून तिरप्या कोपऱ्यांत बसतात. त्यांच्या दोन प्रकारच्या मांडणींना १ आणि ० मानतात. तीन शेजारी चौकटींचे बहुमत जिकडे, तिकडे मधली चौकट वळते. त्या तिघींपैकी एक कायम ० ठेवली, की बूलचे 'आणि' सिद्ध होते.

जोडे शिवणाऱ्याच्या मुलाने लाभाची अपेक्षा न धरता केलेला विचार असा दीड शतक फळ देत राहिला आहे.