गायनाचार्य पंडित विष्णु दिगंबर पलुसकर

बंगळूर शहरात आज सायंकाळी कित्येक घरांतून तानपुऱ्याच्या साथीवर हिंदुस्थानी रागांचे आरोह-अवरोह घोटणारी मुले दिसतात. त्यांची मातृभाषा कानडी असते, तमिळ असते, क्वचित मराठीही असते. वर्षाअखेर ती प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा परीक्षांना बसतात आणि प्रमाणपत्र घेऊन घरी येतात. ज्या मंडळाच्या नावाने हे प्रमाणपत्र मिळते त्या नावात ‘गांधर्व महाविद्यालय’ हे शब्द आहेत. ते शब्द प्रथम कोणी उच्चारले आणि त्यापायी काय सोसले, हे त्या मुलांना सहसा कोणी सांगत नाही. म्हणून हा चरित्रलेख.

विष्णु दिगंबर यांचा जन्म 18 ऑगस्ट 1872 रोजी कुरुंदवाड संस्थानात झाला. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. पलूस गावावरून ते पलुसकर झाले. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार होते, त्यामुळे भगवंताचे नाम आणि स्वर या दोन्ही गोष्टी मुलाच्या कानावर एकाच वेळी पडल्या. नरसोबाची वाडी तेथून हाकेच्या अंतरावर. मुलगा शाळेत हुशार होता आणि इंग्रजी शिकून नोकरी धरील अशी घरच्यांची अपेक्षा असणे साहजिकच होते. परंतु लहानपणी फटाका चेहऱ्याजवळ फुटला आणि दृष्टी फार अधू झाली. पुस्तकी विद्येचा मार्ग त्या एका क्षणात बंद झाला. उपचारासाठी मिरजेस नेले असता, या मुलास गाणे शिकवावे, असा सल्ला मिळाला आणि मिरजेच्या अधिपतींच्या आश्रयाने त्यास बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्या हाती सोपविण्यात आले.

बाळकृष्णबुवा म्हणजे ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे थोर आचार्य. त्यांच्यापाशी विष्णुपंतांनी सुमारे नऊ वर्षे काढली. त्या काळची विद्या गुरुगृही सेवा करून, गुरूच्या मर्जीच्या वेळी, कणाकणाने मिळे. गवयाला दरबारात मान असे, पण समाजात प्रतिष्ठा नसे. एका समारंभास राजाश्रयामुळे विष्णुपंतांना बोलावणे आले आणि प्रत्यक्ष गुरूंना मात्र, ते केवळ गवई म्हणून, वगळण्यात आले, अशी हकिकत सांगितली जाते. हा सल त्यांच्या मनातून कधी गेला नाही. त्यांच्या पुढील सर्व कार्याची मुळे याच सलात आहेत, असे आम्हास वाटते.

1896 साली त्यांनी मिरज सोडली. राजाश्रयाची सावली होती ती आपण होऊन सोडली, हे लक्षात घेतले पाहिजे. औंध, सातारा, बडोदे करीत ते काठेवाडात गेले. तेथे त्यांनी तिकीट लावून सार्वजनिक गायन केले. राजवाड्यातील गाणे सामान्य माणसाने चार पैसे देऊन ऐकावे ही कल्पनाच तेव्हा नवी होती. गिरनारच्या परिसरात एका साधूची भेट होऊन उत्तरेस जाण्याचा आदेश मिळाला असे म्हणतात. मथुरेस राहून त्यांनी ब्रजभाषा आत्मसात केली आणि ध्रुपदांचा संग्रह केला. पुढे दिल्ली, जालंदर, अमृतसर या मार्गाने ते लाहोरास पोहोचले.

5 मे 1901 रोजी लाहोरात गांधर्व महाविद्यालयाची स्थापना झाली. राजाचे नव्हे, लोकांच्या देणग्यांचे आणि विद्यार्थ्यांच्या फीचे विद्यालय! ठराविक वेळ, ठराविक अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी. पण विद्यार्थीच येईनात. परक्या मुलखात, परक्या भाषेत, गाण्यासारखा हलका मानलेला विषय शिकण्यास कोण येणार? तेव्हा हा तिशीच्या उंबरठ्यावरचा आचार्य ठरल्या वेळी शाळा उघडी, तंबोरा जुळवी आणि रिकाम्या खोलीत बसून स्वतःच गात राही. वेळ संपली की शाळा बंद करी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. फळ येवो न येवो, नेमलेले कर्म चुकवायचे नाही, ही गोष्ट त्यांनी त्या रिकाम्या खोलीत आचरून दाखविली. हळूहळू मुले आली, पाठोपाठ प्रतिष्ठित घराण्यांतील मुलीही शिकू लागल्या.

पंडितजींचे खरे लक्ष मात्र उपदेशक वर्गाकडे होते. या वर्गातील मुले नऊ वर्षे गुरुजवळ राहत. त्यांचे जेवणखाण, कपडालत्ता आणि शिक्षण हे सारे विनामूल्य. त्या बदल्यात पुढे संगीतप्रसारास वाहून घ्यावयाचे. शिस्त कडक होती, कधीकधी अंमळ जास्तच कडक. परंतु त्या शिस्तीतून ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर यांच्यासारखी माणसे निघाली. ओंकारनाथांस तर त्यांनी विशीतच लाहोरच्या विद्यालयाचे प्राचार्य केले. नारायण मोरेश्वर खरे यांस त्यांनी गांधीजींच्या साबरमती आश्रमात धाडले आणि आश्रमाची भजनावली त्यांच्याच हातून सिद्ध झाली.

बंदिशींतील शृंगारिक शब्द काढून त्या जागी भक्तिपर शब्द घालण्याची त्यांची रीत अनेक जाणकारांना आवडली नाही, आणि काही ठिकाणी मूळची गोडी उणावली हे खरेही आहे. पण कुलीन घरातील मुलगी आईबापांसमोर गाऊ शकेल असे गाणे त्यांना हवे होते, आणि ते त्यांनी मिळवून दिले. स्वरलिपीही त्यांनी स्वतः रचली, छापखाना काढला, ‘संगीत बालप्रकाश’ व ‘रागप्रवेश’ यांसारखी पुस्तके भागामागून भाग प्रसिद्ध केली.

1908 साली विद्यालयाची शाखा मुंबईत निघाली. सँडहर्स्ट रोडवर स्वतःची इमारत उभी राहिली, आणि तिच्याबरोबर कर्जही. पंडितजी गावोगाव जलसे करून पैसा उभा करीत आणि तो व्याजात व मुलांच्या पोषणात संपून जाई. याच काळात ते काँग्रेसच्या अधिवेशनांत ‘वंदे मातरम्’ गात असत. 1923 साली काकिनाड्यास अध्यक्षांनी गायनास हरकत घेतली असताही त्यांनी गीत पुरे करूनच आसन सोडले. पुढील वर्षाच्या सुमारास इमारतीचा लिलाव झाला.

घरात तर याहून मोठे दुःख होते. रमाबाई आणि विष्णुपंत यांस बारा अपत्ये झाली. त्यांतील अकरा बालपणीच गेली. परक्यांची मुले गाऊ लागली, मोठी झाली, नावारूपास आली. स्वतःच्या घरचा पाळणा मात्र पुनःपुन्हा रिकामा झाला. त्या माउलीने काय सोसले असेल याची कल्पनाही करवत नाही. 28 मे 1921 रोजी झालेला दत्तात्रेय तेवढा राहिला.

उत्तरायुष्यात पंडितजींनी भगवी वस्त्रे धारण केली आणि नाशकात रामनाम आधार आश्रम स्थापिला. तुलसीदासांच्या रामचरितमानसावर ते प्रवचन करीत, गात, श्रोत्यांकडून नामाचा गजर करवीत. त्यांनी लोकप्रिय केलेली रामधून 1930 साली दांडीच्या वाटेवर सत्याग्रह्यांच्या मुखी होती. त्या यात्रेत त्यांचे शिष्य खरे स्वतः चालत होते. नाशकातच त्यांनी लहानग्या दत्तात्रेयास स्वरांचे पहिले पाठ दिले.

21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेस, जेथे ते अधू डोळ्यांनी गुरूंच्या दारी आले होते त्याच गावी, त्यांनी देह ठेवला. वयाची एकोणसाठ वर्षे पुरी होऊन तीन दिवस झाले होते. शिष्यांनी त्याच वर्षी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले. दहा वर्षांच्या दत्तात्रेयाचे पुढील शिक्षण विनायकराव पटवर्धन व नारायणराव व्यास यांनी केले. गुरूने जे परक्या मुलांसाठी केले होते, ते शिष्यांनी गुरुपुत्रासाठी केले. 1935 साली हा चौदा वर्षांचा मुलगा जालंदरच्या हरिवल्लभ मेळ्यात प्रथमच मोठ्या सभेपुढे गावयास बसला. याच पंजाबात त्याच्या वडिलांनी एकेकाळी रिकाम्या खोलीत तंबोरा जुळविला होता. या वेळी समोर श्रोते होते.