भाभांचे फुगे आणि ताऱ्यांचे क्ष-किरण स्फोट

भारतीय अणुऊर्जा कार्यक्रमाचे शिल्पकार म्हणून डॉ. होमी जहांगीर भाभा सर्वपरिचित आहेत. आकाशातील क्ष-किरणांचा वेध घेणाऱ्या भारतीय संशोधनाचा पायाही त्यांच्याच कार्यात आहे, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते.

३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत जन्मलेले भाभा अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी केंब्रिजला गेले. पण त्यांचे मन भौतिकशास्त्रात रमले. अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांमुळे वातावरणात कणांचा वर्षाव कसा होतो, याची उपपत्ती त्यांनी वॉल्टर हाइटलर यांच्यासह १९३७ मध्ये मांडली. १९३९ मध्ये ते सुटीवर मायदेशी आले, महायुद्ध पेटले आणि ते येथेच राहिले. परदेशातील मानाच्या जागांचा मोह बाजूला सारून त्यांनी १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली. विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी उपकरणे उंचावर नेणारे प्लॅस्टिकचे प्रचंड फुगे पुढे या संस्थेतच तयार होऊ लागले.

२४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावरील विमान अपघातात भाभांचे निधन झाले. त्यांचे वय अवघे ५६ होते. त्यानंतर दोनच वर्षांनी, एप्रिल १९६८ मध्ये, हैदराबादहून सोडलेल्या फुग्यातील उपकरणांनी वृश्चिकेतील 'स्को एक्स-१' या क्ष-किरण स्रोताचा वेध घेतला. वातावरण क्ष-किरण शोषून घेते; त्यामुळे उपकरणे उंचावर नेणे आवश्यक होते.

'स्को एक्स-१' ही ताऱ्यांची जोडी आहे. त्यातील न्यूट्रॉन तारा जोडीदाराचे द्रव्य ओढून घेतो. अशाच काही जोड्यांत साठलेल्या द्रव्याचा आण्विक भडका उडतो आणि काही सेकंद क्ष-किरणांचा झोत निघतो. वृश्चिकेतच १९७६ मध्ये सापडलेला 'रॅपिड बर्स्टर' त्याहून लहरी. त्यात द्रव्य खंडाखंडाने कोसळते आणि अनियमित स्फोटांची मालिकाच सुरू होते.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी अवकाशात झेपावलेल्या 'अॅस्ट्रोसॅट' उपग्रहाने अशा स्फोटांच्या नोंदी केल्या. त्यासाठी वापरलेली क्ष-किरण उपकरणे भाभांच्याच संस्थेत घडली होती. ज्या शास्त्रशाखेचा उदय भारतात त्यांना पाहता आला नाही, तिच्यासाठी लागणारी माणसे, कार्यशाळा आणि फुगे मात्र ते मागे ठेवून गेले होते.