सर सालारजंग : एका नव्या दिवाणाची सबुरी

शाळा सोडून जे विद्यार्थी उद्या एखाद्या कचेरीत, दुकानात अथवा शाळेत कामावर रुजू होतील, त्यांच्यापुढे एक प्रश्न हटकून उभा राहील. तेथील कामातील दोष त्यांच्या नव्या दृष्टीस दिसतील, ते दूर करण्याची युक्तीही सुचेल. परंतु कालपरवा आलेल्याने ती बोलून दाखवावी की मुकाट्याने बसावे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास आम्हां वालूरकरांना फार दूर जावयास नको. आपला परभणी जिल्हा ज्या हैदराबाद संस्थानात १९४८ पर्यंत मोडत होता, त्या संस्थानाचे दिवाण पहिले सर सालारजंग यांचे चरित्र या बाबतीत मनन करण्याजोगे आहे.

त्यांचे मूळ नाव मीर तुराब अली खान. जन्म १८२९ चा. घराण्यात दिवाणगिरी पूर्वीपासून चालत आलेली होती. १८५३ च्या मे महिन्यात त्यांचे चुलते दिवाण सिराज-उल-मुल्क वारले आणि वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी तो भार या तरुणाच्या शिरी पडला. भार तरी केवढा! कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या खर्चापायी थोड्याच दिवसांपूर्वी वऱ्हाडचा सुपीक प्रांत इंग्रजांच्या हवाली करावा लागला होता. खजिना रिकामा होता. अनेक तालुके सावकारांकडे व अरब जमादारांकडे कर्जापोटी अडकलेले होते. सारा वसूल करण्याचे मक्ते दिले जात. मक्तेदार आपली तुंबडी भरी आणि कुणबी मात्र नागवला जाई.

अशा वेळी उतावळ्या मनुष्याने पहिल्याच दिवशी जुन्या लोकांना दूर सारून नवे कायदे पुकारले असते. सालारजंगांनी तसे केले नाही. प्रथम त्यांनी देण्याघेण्याचा हिशेब नीट लावला, सावकारांचा विश्वास संपादन केला आणि गहाण पडलेले तालुके क्रमाक्रमाने सोडविले. मक्तेदारांच्या जागी पगारी तालुकदार नेमण्याची वहिवाटही त्यांनी हळूहळूच पाडली. संस्थानात वंशपरंपरेने चालत आलेली जुनी दप्तरे होती. ती त्यांनी मोडली नाहीत. दप्तरदारांचा मानमरातब तसाच राखून शेजारी नवी कचेरी व नवा खजिना उभा केला. नव्या कचेरीचे काम चोख होऊ लागले, तसतसा कारभार आपोआप तिच्याकडे वळला. १८५६ मध्ये त्यांनी हैदराबादेस दार-उल-उलूम ही शाळा काढली, आणि १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी करून प्रत्येक जिल्ह्यास पगारी अंमलदार दिले. म्हणजे दिवाणपद हाती आल्यावर या मोठ्या सुधारणेस सुमारे बारा वर्षे लागली.

या सबुरीचे मोलही त्यांना द्यावे लागले. निजामाच्या मनात त्यांच्याविषयी संशय असे. परवानगीवाचून शहराबाहेर पाऊल टाकण्याची मोकळीक या दिवाणास नव्हती. १८५७ च्या उठावात त्यांनी इंग्रजांचा पक्ष घेतला. त्याबद्दल त्यांना त्या काळी लोकांचा रोष सोसावा लागला आणि आजही त्यांना दोष देणारे पुष्कळ आहेत. १८५९ व १८६८ या दोन्ही वर्षी त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. दोन्ही वेळा ते बचावले. हाती घेतलेले काम मात्र त्यांनी सोडले नाही.

त्यांना सर्वच साधले असे नव्हे. धाराशिव व रायचूरकडील मुलूख १८६० मध्ये परत मिळाला, परंतु वऱ्हाड परत मिळविण्याचा त्यांचा ध्यास अपुराच राहिला. त्यासाठी लिहालिही झाली, १८७६ मध्ये विलायतेचा प्रवासही झाला. मानसन्मान पुष्कळ मिळाला, वऱ्हाड मिळाले नाही. जुन्याला धक्का न लावता नवे उभारल्यामुळे एकाच कामाची दोन दप्तरे पुढे पुष्कळ वर्षे चालत राहिली, हेही खरे. ८ फेब्रुवारी १८८३ रोजी पटकीच्या विकाराने त्यांचा अंत झाला. हैदराबादेतील सुप्रसिद्ध संग्रहालय याच घराण्याचे नाव सांगते; पण त्यातील बहुतेक संग्रह त्यांचे नातू तिसरे सालारजंग यांनी केलेला आहे, हे वाचकांनी ध्यानी ठेवावे.

विद्यार्थीमित्रहो, सालारजंगांच्या हाती दिवाणाचा शिक्का होता, तरीही त्यांनी आधी विश्वास मिळविला व मग बदल केला. तुमच्या हाती तर शिक्काही नसेल. म्हणून नव्या ठिकाणी प्रथम हे विचारा की, चालू रीत का पडली व तिच्यावर कोणाचे पोट अवलंबून आहे. आपल्या वाट्याचे काम चोख करून दाखवा; मग वडीलधाऱ्या सहकाऱ्यांस एकांतात, नम्रपणे, एकच सूचना करा. आणि पालकांसही एक विनंती. घरात मुलगा अथवा सून काही नवे सुचवील, तर वय न पाहता त्यातील तथ्य पाहावे. चोवीस वर्षांच्या तरुणाला संधी मिळाली म्हणूनच बुडत्या संस्थानाचा कारभार सावरला. नव्याने सबुरी धरावी आणि जुन्याने कान उघडे ठेवावेत. दोघांपैकी एकाने जरी कसूर केली, तरी सुधारणा उंबरठ्यावरच अडून राहते.